चेलनाच्या नावानं

लाइट गेली ना? गेली तर जाऊ दे. युवराज, तो मोबाइलचा उजेड आधी बंद कर, डास गोळा होतात. गच्चीवर वारा आहे, वर आभाळ मोकळं आहे, आणि सगळे आयतेच एका जागी बसलेले आहात. एरवी कुठं सापडता तुम्ही.

मघाशी जेवताना संघमित्रानं विचारलं होतं, माणूस पुण्य मिळावं म्हणून चांगलं वागला तर त्याला चांगलं म्हणायचं का. तिच्या कॉलेजात शिकवतात वाटतं असलं काही. मला त्याचं उत्तर येत नाही. पण एक गोष्ट येते, ती सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, आपण भूत मानत नाही. मी दीपनगरच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी रात्रपाळीत काढली, अंधारात राखेच्या ढिगांवरून एकटा फिरलो, मला कधी कुणी आडवं आलं नाही. तेव्हा ही गोष्ट भुताची आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस माझ्या ओळखीचा आहे, अजून हिंडता-फिरता आहे, आणि माझी सख्खी बहीण रुक्माबाई, म्हणजे तुमची आत्याआजी, त्या पहाटे तिथं हजर होती. पुढचं तुम्हीच ठरवा.

पारोळ्याला सुरेशचंद म्हणून भुसार मालाचा व्यापारी आहे. मूळचा मारवाडातला, जैन. पण पणजोबा इकडं आला तेव्हापासून घराणं इथलंच झालं. त्याची अहिराणी ऐकाल तर तुम्हाला लाज वाटेल. माणूस चोख, मोजून-मापून बोलणारा, आणि धर्माला पक्का. सूर्य बुडाला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. त्याला ते लोक चौविहार म्हणतात. मे महिन्यात, आपल्या खान्देशात, रात्रभर पाणी न पिता झोपून बघा एकदा म्हणजे कळेल.

त्याला एकच मुलगी होती, चेलना. धुळ्याला फार्मसी शिकत होती. हसरी, बडबडी, बापाच्या दुकानात आली की हमालांशी गप्पा मारत बसायची. एका उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि दवाखान्यात नेईपर्यंत आतडं फुटलं होतं. रात्रीच ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, सकाळपर्यंत तोंडानं पाणी द्यायचं नाही. आई सूरजबाई रडून रडून थकली होती, तिला कुणीतरी झोपायला पाठवलं. उशाशी बाप एकटा बसला.

ती रात्रभर पाणी मागत होती. एक घोट, पप्पा. फक्त जीभ ओली करा. सुरेशचंदनं सांगितल्याप्रमाणे ओला कापूस ओठांना लावला, त्यापलीकडं काही केलं नाही. दर वेळी तो एकच सांगायचा.

"सकाळी, बेटा. उजाडलं की देतो."

उजाडायच्या आधीच ती गेली.

यात चूक कुणाचीच नव्हती. डॉक्टरांनी नंतर त्याला जवळ बसवून सांगितलं, पाणी दिलं असतं तरी वाचली नसती, न देणंच बरोबर होतं. त्यानं मान डोलावली. बापाच्या मनाला असलं काही समजतं का? पोरगी पाणी मागत गेली आणि आपण बसून होतो, एवढंच त्याच्या मनात राहिलं.

वर्षभरानं त्यानं तिच्या नावानं पाणपोई घातली. पारोळ्याहून अमळनेरला जाताना एक फाटा लागतो, तिथं शेतमजूर बायका, पायी जाणारे, मोटारसायकलवाले सगळे सावलीला थांबतात. तिथं त्यानं विटांची एक खोली बांधली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, मागं दार, आत दोन मोठे रांजण, आणि वर संगमरवरी पाटी, कुमारी चेलना हिच्या स्मरणार्थ. पाणी ओतायला लांब तोटीची पितळी झारी. मी पहिल्यांदा ती झारी बघितली तेव्हा जरा हसूच आलं. आपल्या आज्याला असल्याच झारीनं लांबून पाणी मिळायचं, अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून. आणि आता ती झारी आपल्या रुक्माच्या हातात होती. दुसरं कुणी त्या उन्हात बसायला तयार नव्हतं म्हणून असेल, पण सुरेशचंदनं तिलाच ठेवलं. बाजारात दोघा-तिघांनी नाक मुरडलं, त्यांच्याकडं त्यानं लक्ष दिलं नाही. तेवढं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

पाणी मात्र त्याच्या पद्धतीनं. दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि ते फडकं परत विहिरीवर नेऊन हलक्या हातानं पाण्यात हिसळायचं, म्हणजे फडक्यात अडकलेले बारीक जीव आपल्या पाण्यात परत जातात. रुक्मा सुरुवातीला हसायची, मग तिलाही सवय झाली. आणि एक अट होती. ओंजळीत पाणी ओतण्याआधी म्हणायचं, "चेलनाच्या नावानं." पिणाऱ्यानंही म्हटलं तर उत्तम. आता बाहेरगावचा ट्रक ड्रायव्हर, उन्हानं जीव कासावीस झालेला, त्याला काय कळणार चेलना कोण. काही जण म्हणायचे, काही नुसते बघत राहायचे. एक म्हातारा रोज यायचा, तो पाणी पिण्याआधी तीनदा म्हणायचा, जास्त मिळावं म्हणून.

संध्याकाळी दुकान आटोपलं की सुरेशचंद स्वतः स्कूटरवर यायचा आणि विचारायचा, आज लोक आले का, नाव घेतलं का. त्याला असं वाटायचं की प्रत्येक ओंजळीमागं लेकीला काहीतरी पोचतंय. त्यांच्या साध्वी गावात मुक्कामाला होत्या, त्यांना त्यानं विचारलं होतं. त्यांनी अगदी मायेनं सांगितलं, ज्याचं कर्म त्यालाच फळतं, बापानं केलेलं लेकीला देता येत नाही. त्यानं हात जोडले आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी पाणपोईत रुक्माला पुन्हा बजावलं, नाव घ्यायला विसरू नको. आपल्यात बघा ना, माणूस गेल्यावर भन्तेजी पुण्यानुमोदन करून घेतात, वाटीत पाणी ओतायला लावतात, ती भरून वाहते, आणि आपण म्हणतो हे गेलेल्याला मिळो. माझी आई गेली तेव्हा ती धार मीच धरली होती, वाटी भरून वाहिली तरी धरून होतो. तेव्हा मी सुरेशचंदला हसू शकत नाही.

आता खरी गोम पुढं आहे. सूर्य बुडाला की पाणपोईला कुलूप. कारण असं की त्यांच्या धर्मात जे पाप करण्यात आहे, तेच दुसऱ्याकडून करवण्यात आहे आणि त्याला संमती देण्यातही आहे. रात्री पाणी पिणं चूक, म्हणून रात्री पाजणंही चूक. त्यांच्यातलेच कितीतरी लोक असं इतकं ताणत नाहीत, तहानलेल्याला रात्रीही पाणी देतात. पण सुरेशचंदला लेकीच्या नावाचं पुण्य सोवळ्यात ठेवायचं होतं. त्यात कणभर पाप मिसळलेलं त्याला चालणार नव्हतं.

तर वैशाख संपत आला, आणि रुक्माला एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. संध्याकाळी रांजण भरून, कुलूप लावून घरी जावं, तर सकाळी पाणी खाली गेलेलं. रांजण झिरपतो, ते तिला माहीत होतं. पण हे झिरपणं नव्हतं, कुणीतरी प्यायल्यासारखं होतं. चार-पाच दिवस असं झालं तेव्हा तिनं सुरेशचंदला सांगितलं. बाजारात तोपर्यंत कुणीतरी पुडी सोडली होती की बाई रात्री पाणी विकते. सुरेशचंदनं आडून आडून विचारलं, किल्ली कुणाला देतेस का. रुक्मा आपलीच बहीण, तिला आडून बोललेलं सगळ्यात आधी कळतं. तिनं कमरेची किल्ली काढली आणि त्याच्या पुढ्यात टाकली.

"हाई ल्या तुमनी किल्ली. आते तुमीच बठा पानीजोडे."

आणि निघून आली. मी नंतर तिच्याकडं गेलो तेव्हा मला कळलं. तिनं दोन दिवस धड जेवण केलं नाही, एवढा तिला तो शब्द लागला होता.

दुसऱ्याच दिवशी सुरेशचंदला अमळनेरला काम निघालं; जाता जाता त्यानं हमालाकडून दोन्ही रांजण भरून घेतले आणि कुलूप लावलं. पुतण्या जिनेशचं तिथं हार्डवेअरचं दुकान आहे. म्हटलं, त्याच्याकडून एक चांगलं जाड कुलूप घ्यावं आणि येता येता पाणपोईला लावावं. शुक्रवार होता, वैशाखातली अमावस्या. सूर्य मावळायच्या आत त्यानं जिनेशकडं जेवण केलं, शेवटचं पाणी प्यायला, आणि मग बोलण्या-बोलण्यात रात्रीचे दहा वाजले. राहा म्हणाले, राहिला नाही. स्कूटरच्या डिकीत कुलूप टाकलं आणि निघाला.

त्या रात्री झळा थांबल्याच नव्हत्या. रस्ता तापलेला, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी वावरं. फाट्याशी त्यानं स्कूटर थांबवली, दिवा बंद केला, आणि मोबाइलच्या उजेडात मागच्या दाराशी गेला. मागं लगेच वावर सुरू होतं, कपाशीसाठी नांगरलेलं, नुसती ढेकळं. जुनं कुलूप काढलं. नवं अडकवून किल्ली फिरवणार, एवढ्यात मागून आवाज आला.

कुणीतरी श्वास घेत होतं. कोरडा. घशात अडकत अडकत.

"कोन शे?"



त्यानं उजेड वळवला. ढेकळं होती. माणूस नव्हता. कुत्रं असेल म्हणून तो परत कुलपाकडं वळला, उजेड खिशात गेला, अंधार झाला… आणि अगदी हाताच्या अंतरावरून कुणीतरी म्हणालं, "पानी."

एवढंच. बाई की पुरुष, ते त्याला सांगता येईना. आवाजाला तेवढी ओलच नव्हती.

सुरेशचंद घाबरला होता, पण जिभेला सवय असते. तो म्हणाला,

"सकायले ये. रातले पानी नही भेटस."

बोलला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी ऐकलं.

हे त्यानं मला नंतर सांगितलं. दुकानात आम्ही दोघंच होतो, समोर दाण्यांची पोती. नाना, म्हणाला, धुळ्याच्या त्या खोलीत मी जसा बोललो होतो ना, तसाच बोललो. तोच सूर. तिथं दाराशी कुलूप हातातून पडलं, ते ढेकळांत कुठं गेलं ते त्यानं पाहिलंही नाही. भीती कुठच्या कुठं गेली. त्याला वाटलं, तीच आहे. इतके दिवस रोज रात्री येते, कोंडलेलं पाणी कसंबसं पिऊन जाते, आणि आपण तिलाच कुलूप लावायला आलो.

दार ढकललं. अंधारातच रांजणात झारी बुडवली. बाहेर आला. सूर्य मावळल्यावर कुणाला पाणी पाजायचं नाही हे त्याला आठवत होतं. आठवत असूनच तो बाहेर आला.

"चेलना? ये बेटा. पी."

झारी वाकवली.

पाणी खाली पडल्याचा आवाज झाला नाही. ते कुणाच्या तरी ओंजळीत पडलं. मग पिण्याचा आवाज… घोट, घोट, मध्ये श्वास, परत घोट. त्याच्या डोळ्यांना धार लागली. लहान लेकराला पाजताना आपण खालून हाताला आधार देतो ना, तसा त्यानं डावा हात पुढं करून त्या ओंजळीखाली धरला.

हात चेलनाचे नव्हते.

मोठे होते. राठ. बोटांना भेगा, तळव्याला घट्टे. विळा-कुदळ धरून धरून झालेले. एका हाताला अंगठा नव्हता.

त्यानं हात मागं घेतला. झारी सरळ केली. मोबाइल काढला, उजेड पाडला… कुणी नाही. उजेड बंद केला… श्वास आहे.

"तू कोण?"

"चेलना कुठं आहे?"

पोरांनो, सगळी गोष्ट इथं आहे बघा. त्यानं दार उघडलं होतं ते लेकीसाठी. पाप पत्करलं होतं ते लेकीसाठी. आता पुढ्यात कुणीतरी परका, ज्याचं नाव नाही, गाव नाही, कदाचित जीवही नाही. त्याला कशाला पाजायचं? दार लावून घरी जाता आलं असतं. कुणी त्याला अडवत नव्हतं. मला म्हणाला, नाना, त्यानं परत पाणी मागितलं असतं ना, तर मी चिडलो असतो, निघून गेलो असतो. पण तो मागत नव्हता. नुसती ओंजळ धरून उभा होता.

सुरेशचंदनं झारी वाकवली.

"चेलनाच्या नावानं," तो म्हणाला, आणि ओतत राहिला.

ते हात गेले. दुसरे आले. या हातांत बांगड्या होत्या, काचेच्या, किणकिणल्या. चेलनाच्या नावानं. मग एक फार म्हातारी ओंजळ, इतकी कापणारी की त्याला झारीही तिच्याबरोबर हलवावी लागली. चेलनाच्या नावानं. मग एक ओंजळ आणि तिच्यात अजून एक, एवढीशी. आईनं लेकराचे हात आपल्या हातात धरलेले असावेत. आधी लेकरू प्यायलं. मग आई. प्रत्येक वेळी तो डावा हात खाली धरायचा, चाचपायचा. ती नाही. ही पण नाही. झारी रिकामी झाली की आत जायचा, भरायचा, बाहेर यायचा. पुढ्यात कुणीतरी असायचंच. नुसते श्वास, आणि घोट.

कोण होते ते, मला विचारू नका. मी नंतर सगळ्यांना विचारलंय. त्या फाट्यावर कधी कुणी मेल्याचं कुणाला माहीत नाही. जवळपास मसणवट नाही, कुणी जीव दिलेली विहीर नाही. उगीच मीठ-मसाला लावून मी सांगणार नाही.

एक रांजण संपला. दुसऱ्याला हात घातला. त्याची कंबर दुखायला लागली, खांदा भरून आला. स्वतःच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती, पण त्याला काही पाणी जिभेला लावायचं नव्हतं. आणि कधीतरी, केव्हा ते त्याला सांगता येत नाही, तो नाव घ्यायचं थांबला. ठरवून नाही. समोर ओंजळ आहे, ती कोरडी आहे, आपल्या हातात पाणी आहे, एवढंच राहिलं. डावा हात चाचपायचाही थांबला. नुसता आधार द्यायचा.

दुसरा रांजण संपला. त्यानं तो तिरपा करून शेवटची झारी भरली, अर्धीमुर्धी, ती एका ओंजळीत रिकामी केली. घोट ऐकू आले. मग शांत झालं. श्वास नाही, काही नाही. त्याला वाटलं, झालं. सगळे प्यायले. मला म्हणाला, चेलना गेल्यापासून तेवढा एक क्षण असा गेला की छातीवर काही नव्हतं.

आणि मग झारीच्या तोटीखाली अजून एक ओंजळ आली.

तोटी तिला लागली म्हणून कळलं. त्यानं सवयीनं डावा हात खाली धरला.

लहान हात. मऊ. बोटं बारीक… आणि करंगळ्या जुळलेल्या नव्हत्या. मध्ये फट होती. चेलनाला लहानपणापासून ओंजळ धरता यायची नाही. करंगळ्या जुळायच्याच नाहीत तिच्या, निम्मं पाणी फटीतून खाली, फ्रॉक ओला, आणि आई ओरडायची. बापानं किती वेळा त्या करंगळ्या आपल्या बोटांनी दाबून जुळवल्या होत्या.

त्यानं आताही दाबल्या. हात थंड होते.

झारी वाकवली.

थेंब नाही.

झारी उलटी केली. आत धावला, पहिल्या रांजणात हात घातला, दुसऱ्यात घातला, बुडाची माती नखात आली. पाणी नाही. बाहेर आला. ओंजळ तशीच होती. त्याच्या हाताला लागली. वाट बघत होती.

"बेटा… थांब. थांब हं. आत्ता आणतो. जाऊ नको."

ती काही बोलली नाही. आधी कधी गप्प बसायची नाही ती.

तो पळाला. स्कूटर आठवली नाही, ढेकळांतून, अनवाणी, चपला कुठं राहिल्या देव जाणे. रुक्माची वस्ती तिथून जवळ आहे, चार वावरं पलीकडं. रुक्मा अंगणात खाटेवर झोपली होती. डोळे उघडले तर समोर शेठ, घामानं निथळलेला, पायातून रक्त.

"शेठ, काय व्हयनं? घरना बठ्ठा बरा शेत ना?" घरचे सगळे बरे आहेत ना, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पानी दे अक्का. भरेल हंडा दे."

तिला वाटलं, त्यालाच प्यायचं आहे. तिनं तांब्या पुढं केला. त्यानं तो घेतला नाही, हंड्याकडं हात दाखवला. रागावलेली होती ती त्याच्यावर, दोन दिवसांपूर्वी चोरीचा आळ घेतला होता त्यानं. पण त्याचं तोंड बघून तिनं काही विचारलं नाही. हंडा स्वतः डोक्यावर घेतला, कारण त्याच्यानं तो उचलला गेला नसता, आणि त्याच्यामागं चालू लागली. तो पुढं पळायचा, थांबायचा, चल अक्का म्हणायचा, परत पळायचा.

वावरं ओलांडेपर्यंत पूर्वेला फटफटलं. फाट्याशी पोचले तेव्हा उजाडलं होतं.

दार उघडं होतं. झारी आडवी पडली होती. कुणी नव्हतं.

तो ढेकळांत उभा राहिला आणि हाका मारायला लागला. चेलना, पाणी आणलंय. चेलना, बेटा, उजाडलं बघ. रुक्मा सांगते, भाऊ, मी माझा नवरा जाताना पाहिला, पोटचं लेकरू जाताना पाहिलं, पण तसा आवाज परत ऐकायला नको. तिनं त्याला हाताला धरून उंबऱ्यावर बसवलं. तेव्हा त्यानं तुटक तुटक सगळं सांगितलं.

रुक्मानं आत जाऊन पाहिलं. दोन्ही रांजण कोरडे ठाक. मग ती दाराबाहेर आली, जमीन बघायला. काळी माती, वैशाखातली. तिच्यावर थेंब सांडला तरी डाग पडतो, वास सुटतो. इथं दोन रांजण पाणी ओतलेलं. आणि माती पिठासारखी कोरडी.

"पानी कोठे सांडं?" तिनं विचारलं.

"सांडं नही," तो म्हणाला. "पिधं."

ती खाली बसली. हंडा अजून भरलेला होता, त्यातला थेंबही कुणी ओतला नव्हता, हे ती शपथेवर सांगते.

तेव्हापासून त्या पाणपोईला रात्री कुलूप नसतं. रुक्मा दिवसा बसते, त्यानं तिची माफी मागितली, तिनं चार दिवस ताणून धरून मग ती दिली. रात्री सुरेशचंद स्वतः बसतो, उन्हाळाभर. ट्रकवाले थांबतात, लग्नाहून परतणारे थांबतात, सगळ्यांना पाजतो. स्वतः अजूनही थेंब घेत नाही रात्रीचा, ते व्रत त्यानं सोडलेलं नाही. नाव मात्र कुणाला घ्यायला लावत नाही. संगमरवरी पाटी आहे तशीच आहे, एवढा काही माणूस बदलत नाही. आणि एक झारी तो भरून बाजूला ठेवतो. रात्री कितीही लोक येवोत, कितीही तहानलेला येवो, ती झारी तो कुणाला देत नाही. उजाडलं की उंबऱ्यावर बसून तिच्याकडं बघत राहतो. रुक्मा आली की मग उठतो.

त्याला आता पुण्यवान म्हणायचं की काय म्हणायचं, संघमित्रा, ते तुझ्या कॉलेजात विचार. मला त्याच्यासाठी वाईट वाटतं, एवढं मी सांगू शकतो.

काय? नाही, ती परत आली नाही. आवाजही आला नाही.

फक्त त्या सकाळी रुक्मा खाली बसली होती ना, तिचा हात जमिनीला टेकला. दारासमोर, झारी पडली होती तिथंच. सगळीकडं कोरडी माती, आणि तिथं एक ओल. तळहाताएवढी. ज्या ओंजळीला पाणी मिळालं नाही, ती तिथं धरलेली होती. रुक्मानं बोट लावलं. थंड होती. तिला वाटलं, ऊन चढलं की वाळेल.

मी स्वतः जाऊन बघितली आहे, गेल्या वैशाखात, भर दुपारी. त्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा त्या ओलीपर्यंत येतात… आणि तिथं थांबतात.